मेसाईच्या बनातली हजेरी

जरा आत सरकून बसा पोरांनो. फरशी गार पडलीया, ते पोतं घ्या खाली. उद्या पहाटं तुमास्नी झाडांच्या कामाला बनात जायचंय, म्हनून आजच सांगतो. म्हातारा भ्या घालतोय असं समजू नगा. ज्येच्यावर ही येळ आली त्यो मानूस माझ्या रोजच्या उठबशीतला व्हता. आनि ह्यातलं निम्मं मी सोताच्या कानानं ऐकलंय.

गोमटेश मगदूम सर त्येंचं नाव. विट्याला हायस्कुलात विज्ञान शिकवायचं. मूळचं खाली सांगलीकडचं, नदीकाठचं. जैन मानूस, लय सज्जन. मागल्या साली फेब्रुवारीची सत्तावीस तारीख, बेस्तरवार. आदल्या दिशी शिवरात झालेली. सर रातच्या साडेआठला माझ्या दारात आलं, गाडी लावली आनि म्हनालं, "आबा, शिवतेजची भाकरी द्या. मी वर पोहोचवून येतो."

शिवतेज म्हंजी माझ्या चुलतभावाचा थोरला. त्या राती बनात राखनीची पाळी त्येची व्हती. जेवान रोज कुनीतरी वर न्यायचं. त्या दिशी सर म्हनालं, मी नेतो. सोता सूर्व्या मावळल्यावर कायबी तोंडात घालत नव्हतं, पन दुसऱ्याची भाकरी घिऊन निघालं. माझ्या मंडळीनं दोन भाकरी, झुनका आनि ठेचा फडक्यात बांधून दिला. सरांनी टॉर्च घेतला आनि चढाला लागलं. भाकरी द्यायची आनि माघारी यायचं. तासाभराचं काम.

आता वर राखन कशाची, ते आदी सांगतो. त्याबिगार फुडचं कळायचं न्हाई.

ह्यो मेसाईचा डोंगार तुमी दिसा बघितलाच. माझ्या आज्ज्याच्या काळात वर इतकं दाट बन व्हतं म्हनं, की भर दुपारी देवीपशी दिवा लावाय लागायचा. बनातली काडी मोडायची न्हाई, ही रीत. मंग रीत तोंडात ऱ्हायली आनि बन गेलं. कुनी कोळसा पाडला, कुनी चुलीला नेलं. मागनं टनटनी माजली, उंदीरमारी माजली. बाहेरची झाडं ती. त्येंच्याखाली आपलं कायबी उगवत न्हाई. आनि गावातली तरनी मानसं समदी गलाईला. कोन सेलमला सोनं गाळतोय, कोन कोचीनला. निम्म्या घरांस्नी कुलपं. डोंगराकडं बघायला सवड कुनाला?

सात वर्सांखाली सरांनी हात घातला. दर ऐतवारी वर जायचं. टनटनी मुळासकट उपटायची, आनि ह्या मातीतली जी झाडं, तीच लावायची. फोनवर ग्रुप केला. चढताना हजेरी, उतरताना हजेरी, ह्यो सरांचा नेम. डोंगार हाय, कुनाचा पाय मोडला, कुनाला पान लागलं, साप डसला, तर कळाय नगो? फोनातली यादी वाचायचं आनि आमी 'हजर' म्हनायचं. तेवीस मानसं. तेविसावा मी, भाऊसो यादव.

आनि यादीत नसलेली एक बाई. रंगुबाई.

पायथ्याला पत्र्याची खोली, चार शेरडं, मागं-फुडं कुनी न्हाई. पासष्टीची असंल. फोन नव्हता, म्हनून ग्रुपात नव्हती, आनि ग्रुपात नव्हती म्हनून यादीत नव्हती. पन पैल्या ऐतवारापास्नं एक खाडा केला न्हाई तिनं. खरं सांगायचं तर बन तिनंच उभं केलं. सरांस्नी झाडांची पुस्तकातली नावं ठावं, तिला झाडंच ठावं. मेढशिंगीचं बी कवा धरायचं, बिब्ब्याखाली का निजू नये, खैराला कुठली जागा मानवती, समदं तिला इचारायचं. सर हजेरी घ्याय लागलं की लांबनं वरडायची, "सर, माजं न्हाई व्हय घेतलं?"

सर हसायचं. "मावशी, तुम्ही तर घरच्याच की."

तीबी हसायची.

दोन वर्सं झाली. मार्चातला ऐतवार, धा तारीख. आवस व्हती. दुपारी चारच्या सुमाराला पल्याडल्या अंगानं वनवा आला. कुनीतरी बांध पेटवला आसंल, वाऱ्यानं उचलला. गवात ह्ये कमराएवढं, वाळून कडाडल्यालं. आमी हिरवं डहाळं मोडलं आनि आग झोडाय लागलो. दोन तास झोडत व्हतो. सांजंला वारं फिरलं. धूर अंगावर आला. सर वरडलं, "सगळे खाली! झाडं राहू देत, खाली चला!"

पळत, घसरत पायथ्याला आलो. सरांनी फोन काढला आनि यादी वाचली. तेवीसच्या तेवीस हजर. सर मटकन खाली बसलं आनि म्हनालं, "देवाची कृपा. सगळे आलो."

रंगुबाईची शेरडं तिच्या दारात वरडत व्हती. मी बघितली. माझ्या मनात आलंबी, शेरडं दारात, मंग रंगुबाई कुठं? तवर कुनीतरी माझ्या हातात पान्याचा तांब्या दिला. मी पानी प्यालो.

झालं. इतकंच.

दुसऱ्या दिशी सकाळी गावली. वरल्या टप्प्याला. अंगाला आग शिवली नव्हती. धुरानं गेली. हातात करंजाचा डहाळा, पानं जळून नुसता दांडका उरल्याला. आनि तिच्या भवतीनं मेढशिंगीची रोपं. चौदा. समदी हिरवीगार.

पोलिसांनी इचारलं, बाई वर कशाला गेल्ती? सर गप. मी गप. गर्दीतनं कोन तरी म्हनलं, शेरडं राखाया. तसंच लिवलं गेलं. आमच्या संगं कामाला आल्ती, असं कुनी म्हनलं न्हाई. तसं म्हनलं असतं तर फुडचा सवाल आलाच असता, की मंग उतरताना तिला बघितली का न्हाई?

तवापास्नं वर रातची राखन सुरू झाली. गवात वाळलं की येक मानूस रातभर वर बसायचा. कुठं उजेड दिसला की खाली फोन.

व्हय गं रूपाली, सांगतो. सरांकडंच येतोय.

सर निम्म्या चढाला पोचलं, तवर वरनं शिवतेज येताना दिसला. प्वाट धरून. शिवरातीचं कायतरी बाधलं व्हतं, उलट्या चालू. सर म्हनालं, "तू घरी जाऊन पड. आज मी बसतो."

शिवतेज म्हनला, "येकटं नगा बसू, सर. आज आवस हाय."

सर हसलं. विज्ञानाचा मानूस. म्हनालं, "बरंच की. अंधारात आग लवकर दिसते."

त्येंच्या ध्यानात आलं न्हाई. त्येंच्या डोसक्यात धा मार्च. वनव्याला वरीस व्हायला अजून अकरा दिस हाईत, असं त्ये धरून चाललेलं. पन रंगुबाईला कुठली धा मार्च म्हाईत? तिची आवस. माघातली आवस.

ती त्याच राती व्हती.

धा वाजून चाळीस मिनिटांनी माझा फोन वाजला. मी अंगनात बाजंवर पडलो व्हतो. समोरल्या टेकाडावर टावर हाय, त्येच्यानं वर रेंज चांगली मिळती. आवाज सपष्ट आला.

"आबा, वर कोणाला पाठवलंय का तुम्ही?"

"न्हाई वो. का?"

"कोणीतरी झोडपतंय."

"काय झोडपतंय?"

"गवत. वरच्या टप्प्याला."

मी उठून बसलो. माझ्या अंगनातनं डोंगार नीट समोर दिसतो. काळाभोर. कुठं इस्तू न्हाई, उजेड न्हाई. वर चांदन्या तेवढ्या.

"आग दिसती का, सर?"

"नाही. वासही नाही. टॉर्च मारला मी. कोणी नाही."

त्ये बोलायचं थांबलं. आनि तवा मला फोनातनं ऐकाय आलं.

झप.

...झप.

...झप.

वल्या डहाळ्याचा आवाज. ज्येनं जल्मात येकदा वनवा झोडलाय, त्येला त्यो चुकत न्हाई. घाई न्हाई, थांबनं न्हाई. काम कराय लागल्याल्या मानसाचा आवाज.

"सर, खाली या. आत्ताच्या आत्ता या."

"पाय उचलत नाहीत, आबा."

"मी येतो वर. फोन ठेवू नगा."

मी पायताण शोधाय लागलो, आनि आवाज थांबला. मीबी थांबलो. लय येळ कायच न्हाई. रातकिडाबी न्हाई. सरांचा श्वास तेवढा.

"आबा..." सर कुजबुजलं. "कोणीतरी नावं घेतंय."

मी फोन कानाला दाबला.

बाईचा आवाज. लांबनं. दमलेला. येक नाव घ्यायची. थांबायची. कुनी 'हजर' म्हनतंय का, ह्येची वाट बघितल्यागत. मंग दुसरं नाव. सरांच्या फोनातली यादी. त्याच वळीनं. येकबी नाव मागंफुडं न्हाई. तिला लिवाय-वाचाय येत नव्हतं, पोरांनो. पन पाच वर्सं, दर ऐतवारी दोनदा, ती लांब हुबी ऱ्हाऊन ऐकत व्हती. दुसऱ्यांची नावं.

"शिवतेज यादव..."

गप.

"विश्वजीत पवार..."

गप.

"साईराज माने..."

गप.

माझ्या ध्यानात आलं. आता शेवटचं.

"भाऊसो यादव..."

ती तिथं डोंगरावर, मी हितं माझ्या अंगनात. तरी वाटलं, बाजंच्या पायथ्याशी कोन तरी हुबं हाय. वाट बघतंय. जुनी मानसं सांगत्यात, रातची हाक आली तर ओ देऊ नये. म्हनून मी गप बसलो, असं मी लोकांस्नी सांगतो. खरं तसं न्हाई. मी भ्यालो. मी गप ऱ्हायलो. त्या रातीबी, आनि आदल्या वर्साच्या त्या सांजंलाबी.

ती थांबली. जास्तच येळ थांबली.

मंग बोलली. साधंच. रोजची कामावरची बाई इचारती तसं.

"समदी उतरली न्हवं? मंग मी उतरू का, सर?"

फोनात सरांचा हुंदका आला.

"आबा... त्या दिवशीही विचारलं होतं तिनं."

"काय?"

"हेच. मी यादी वाचून संपवली, तेव्हा. वरून, धुरातून. मला ऐकू आलं होतं, आबा. फक्त मलाच. मी... वर बघितलंच नाही. यादी पूर्ण झाली होती. मला परत चढायचं नव्हतं."

वरीसभर ह्या मानसाच्या मांडीला मांडी लावून बसलो. वरीसभर त्येनं ह्ये पोटात ठेवलं. आनि मी ती दारात वरडनारी शेरडं पोटात ठेवली.

"मी उतरू का, सर?"

आता जवळनं.

"ओ देऊ नगा," मी म्हनलं. "सर, माझं ऐका. तुमच्या पाया पडतो. ओ देऊ नगा."

"सुरेखाला सांगा..." सर म्हनालं. सुरेखा म्हंजी त्येंची मंडळी. काय सांगायचं, त्ये बोललंच न्हाईत.

"सर..."

"तिसऱ्यांदा विचारायला लावू का तिला, आबा?"

आनि सर वरडलं. मला फोन कानापासनं लांब धराय लागला, इतकं मोठ्यानं.

"उतरा, मावशी! उतरा तुम्ही! मी थांबतो वर!"

...

कायच न्हाई.

...

मंग पायताणं. चर्र... चर्र... वाळल्या गवतातनं. उतारावरची म्हातारीची चाल. सावकाश. जवळ आली. अजून जवळ. फोनच्या अगदी शेजारी.

थांबली.

...

फुडं गेली. खाली.

सर खोकलं. येकदा. दोनदा.

"सर?"

...

"सर, बोला."

...

फोन चालूच व्हता. कुनी बोललं न्हाई. अकरा वाजून ईस मिनिटांनी बंद पडला.

मी शिवतेजला उठवला. तसाच उठला बिचारा, धड हुबं ऱ्हाता येत नव्हतं. दोघं चढलो. त्यो म्होरं, मी मागं. पायथ्याशी रंगुबाईच्या खोलीपशी आल्यावर मी मान खाली घातली आनि तशीच ठेवली. वाटंवर कुनी भेटलं न्हाई. भेटलं आसंल तर मी बघितलं न्हाई.

सर देवीच्या चौथऱ्यापशी उंबराला टेकून बसल्यालं. हात मांडीवर. डोळं उघडं, वरल्या टप्प्याकडं. शेजारी भाकरीचं फडकं, गाठ तशीच. शाळंतला पांढरा सदरा आंगात, त्येच्यावर येक डाग न्हाई. मी गालाला हात लावला. गार.

शिवतेज रडाय लागला. मी टॉर्च घेतला आनि चौफेर मारला. गवात हुबं. रोपं हुबी. पानांवर दव. झोडल्याची कुठं निशानी न्हाई, काडी मोडल्याली न्हाई.

पहाटं सुरेखाताई आल्या विट्यासनं. रडल्या न्हाईत. माझ्याजवळ येऊन बसल्या आनि इचारलं, "आबा, शेवटचं तुमच्याशीच बोलले ना? काय म्हणाले?"

मी म्हनलं, "तुमचं नाव घेतलं."

त्ये खरं व्हतं. बाकीचं मी सांगितलं न्हाई. त्या बाईंनी नवऱ्याला देवमानूस म्हनून वाटं लावलं, आनि लावू दिलं मी. रंगुबाई कामाला आल्ती, ह्येबी मी पोलिसांस्नी आजवर सांगितलेलं न्हाई. तुमीच पैलं. उद्या तुमी वर जाल, तुमच्यातला कुनीतरी यादी वाचंल. म्हनून सांगितलं.

येक ऱ्हायलं.

दुपारी सरांस्नी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. चिरफाड झाली. तासाभरानं डाक्टर बाहेर आला. तरना पोरगाच, तुमच्याहून चार-पाच वर्सांनी मोठा. त्येनं इचारलं, ह्येंच्यापशी पैलं कोन पोचलं? मी फुडं झालो. त्येनं मला बाजूला, खिडकीपशी नेलं.

"आजोबा, काल रात्री वर आग लागली होती का?"

"न्हाई."

"थोडीसुद्धा? शेकोटी वगैरे?"

"काडीबी पेटली न्हाई, डाक्टर. मी सोता अंगनातनं बघत व्हतो."

त्यो हळू आवाजात म्हनला, "त्यांच्या नाकातून, घशातून, पार छातीपर्यंत काजळी आहे. वणव्यात गुदमरलेल्या माणसाची असते, तशी. मी काय लिहू?"

त्येनं काय लिवलं, त्ये मी कवा इचारलंबी न्हाई.

पन त्येच्या हातात कापसाचा बोळा व्हता. सरांच्या घशातनं फिरवलेला. त्यो त्येनं खिडकीच्या उजेडात माझ्याफुडं धरला.

काळाकुट्ट.